अंगणवाडीच्या ताराबाई

कार्तिक महिना लागला, की यवतमाळ जिल्ह्यातली काळी शेते कापसाने पांढरी होतात. वेचणीला जाणाऱ्या बाया भल्या सकाळी घर सोडतात. ज्यांची मुले अंगावर पिणारी असतात, त्या त्यांना बरोबर नेतात. धुऱ्यावरच्या कडुनिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते आणि तिच्यापाशी घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी राखणीला बसते. बाळ रडले की झोका द्यावा, माश्या हाकाव्या, फारच रडले तर आईला हाक मारावी, एवढे तिचे काम. मी शिक्षक असताना हंगामाच्या दिवसांत हजेरीपटावर अशा मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी लागे. पुष्कळ वर्षे मला तो पालकांचा निष्काळजीपणा वाटे. तो त्यांचा निरुपाय होता, हे मला फार उशिरा उमगले. ज्यांनी ते माझ्या कितीतरी आधी ओळखले आणि त्यावर उपाय शोधण्यात आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, त्या ताराबाई मोडक यांची ही कथा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे आईवडील प्रार्थनासमाजाचे अनुयायी असल्यामुळे मुलींनी शिकावे की नाही, असा प्रश्न त्या घरात निघालाच नाही. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी मिळवणाऱ्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीच्या मोडक वकिलांशी झाला आणि मुंबईची ही मुलगी वऱ्हाडात आली. अमरावती म्हणजे आपल्या यवतमाळच्या शेजारचाच जिल्हा. परंतु तो संसार सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास तो संपुष्टात आला आणि लहानग्या मुलीला घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र अशा स्त्रीला लोकांचे बोल ऐकावे लागत. राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे एक विद्यालय होते. त्याच्या प्राचार्यपदाचे काम त्यांनी पत्करले.

प्रतिष्ठेची आणि चांगल्या वेतनाची ही जागा त्यांनी फार दिवस धरून ठेवली नाही. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे वकील, पण स्वतःला मूल झाल्यावर लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. तेथे मुलांना छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने मुले हातांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकत. पाटीवर अक्षर गिरवण्यापूर्वी खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवी. अक्षराचे वळण आधी बोटाला समजे, मग डोळ्यांना. वाचनाची सुरुवात पुस्तकापासून होत नसून बोलण्या-ऐकण्यापासून आणि स्पर्शापासून होते, हे ताराबाईंनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. गिजुभाईंच्या जोडीने त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. तिच्यातून आईबापांना समजेल अशा भाषेत मुलांविषयी लिहिले जाई.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. शाळा नावारूपाला आली. एवढ्यावर थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीबाईंनी आपली पहिली शाळा १९०७ साली रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत काढली होती. त्या पद्धतीची साधने मात्र इतकी महाग झाली, की आपल्या देशात ती शहरातल्या सुखवस्तू मुलांच्याच वाट्याला आली. खेड्यातल्या मुलाने काय करावे? लाकडी पेट्या आणि रंगीत ठोकळे घेण्याइतका पैसा कोणत्या खेड्यात होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यावर, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आज ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ नावाची एक तरुण शिक्षिका त्यांना येथे सहकारी म्हणून लाभली आणि ती साथ शेवटपर्यंत टिकली. गावात बालवाडी उघडली. पण जिच्यासाठी हा खटाटोप, त्या गरीब वस्तीतली मुले काही येईनात. आया कामावर गेलेल्या; मुलांना आंघोळ घालून, नीटनेटके करून पोहोचवणार कोण? शिवाय गावातल्या इतर मुलांशेजारी आपण बसावे की नाही, हा संकोच होताच.

अशा वेळी शाळा मुलांची वाट पाहत बसते. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन ठेवली. शिक्षिका वस्तीत जात, गाणी म्हणत मुलांना गोळा करीत, त्यांचे हातपाय धूत, नखे कापीत, केस विंचरीत आणि तेथेच झाडाखाली वर्ग भरवीत. महागड्या ठोकळ्यांच्या जागी शिंपले, चिंचोके, बिया, पाने, काड्या आल्या. चिंचोके मोजता मोजता अंक आले, पाने लावता लावता लहानमोठे, गोल-लांबट हे भेद कळले. या शाळेचे नाव पडले अंगणवाडी. आज हा शब्द इतका रुळला आहे, की तो एखाद्या सरकारी कचेरीत तयार झाला असावा, असे पुष्कळांना वाटते. तो बोर्डीच्या अंगणात जन्मला.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. येथे अडचणींचे रूप निराळे होते. मुलगे गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्या मागोमाग कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले शिकत. ती कुरणशाळा. मुलींची अडचण मात्र कुरणात सुटण्यासारखी नव्हती. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई रानात, बाप मजुरीला आणि घरात तान्हे मूल. मुलगी शाळेत आली तर बाळाचे काय? त्यावर ताराबाईंनी काढलेला तोडगा मला त्यांच्या साऱ्या कामात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. आता मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत येई. बाळ पाळणाघरात निजे, मधले भावंड बालवाडीत खेळे आणि मोठी मुलगी वर्गात बसे. ज्या बाळामुळे शाळा सुटत होती, त्याच बाळाचा हात धरून शाळा घरात शिरली.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, अनुताई मात्र होत्या.

आज आपल्या जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांतल्या कोलामांच्या पोडांपर्यंत हे नाव पोहोचले आहे. अंगणवाडीत केवळ तीन ते सहा वर्षांची मुले येत नाहीत. गर्भवती स्त्रियाही येतात. बाळ जन्माला येण्यापूर्वीच त्याच्या आईशी बोलणे सुरू व्हावे, अशी योजना त्यात आहे. आहार, लस, आईचे दूध यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी तिच्या कानांवर घालण्यासारख्या आहेत, आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या तुम्हां मुलामुलींनीही त्या जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट निजण्याची. वर्षाच्या आतल्या बाळाला उताणे निजवावे. पालथे किंवा कुशीवर नव्हे. बिछाना सपाट आणि घट्ट असावा. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे चाल आहे. डॉक्टर ती नको म्हणतात. तोंडावर येईल अशी गोधडी नको, खोलीत विडीचा धूर नको. बाळ आईच्या जवळ, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर निजावे. झोळीत त्याची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोळीवर नजर हवी आणि जमेल तेव्हा बाळाला सपाट जागी निजवावे. उताणे निजवण्याचा हा सल्ला ताराबाईंच्या काळी कोणी देत नसे. १९९० नंतर अनेक देशांत त्याचा प्रसार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तेथे पुष्कळ घटली. माझ्या आईने आम्हां सर्व भावंडांना मोहरीच्या उशीवरच वाढवले, हेही येथे सांगितले पाहिजे. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी गोष्ट वाचनाची. पोटातल्या बाळाला अखेरच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर ते तो ओळखते. म्हणून अंगाई, बडबडगीत, न्हाऊ घालतानाचे बोलणे, हे सारे त्याच्या वाचनाचेच पहिले धडे होत. चार-सहा महिन्यांचे झाले, की त्याला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक दाखवावे. आईला अक्षरओळख नसली, तरी अडत नाही. चित्रातल्या बैलाला ती बैल म्हणते, कापसाच्या बोंडावर बोट ठेवते, आणि बाळ चित्राकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत राहते. थोड्या दिवसांनी ते तिच्या बोटाकडे पाहू लागते. मग एके दिवशी त्याचे स्वतःचे बोट चित्रावर टेकते, भावनगरच्या बालमंदिरात खरखरीत अक्षरावर टेकत असे तसे.