कोकण किनाऱ्याचे मोजमाप करणारे दर्यावर्दी : दों जुआंव दि कास्त्रो

पंधराव्या शतकातील युरोपात टॉलेमीच्या प्राचीन भूगोलाला मोठा मान होता. त्या भूगोलात हिंदी महासागर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला होता. भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे होऊन आपला पश्चिम किनारा पूर्वेकडे आडवा पसरला होता. १४८८ साली बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेले, १४९८ साली वास्को द गामा कालिकत परिसरात पोहोचले आणि ती समजूत मोडली. आपल्या कोळी-खारव्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला हा किनारा युरोपला नव्याने शिकावा लागला. ते शिक्षण ज्यांनी काटेकोरपणे घेतले, त्या दों जुआंव दि कास्त्रो यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १५०० साली लिस्बन येथे झाला. प्रसिद्ध गणिती पेद्रो नुनिश यांच्याकडे ते गणित शिकले. तरुणपणी आफ्रिकेतील तांजियर येथे त्यांनी सैनिकी सेवा केली. १५३८ साली ते गोव्यास आले. वाटेत मोझांबिक येथे, जवळच्या लोखंडामुळे होकायंत्राची सुई ढळते, हे त्यांनी ओळखले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते आरमारासह गोव्याहून दीवकडे निघाले. वाटेतील बंदरे, खाड्या, खडक व पाण्याची खोली त्यांनी नोंदली आणि चित्रेही काढली. घारापुरीच्या लेण्यांचेही त्यांनी कौतुकाने वर्णन केले. २२ डिसेंबर १५३८ रोजी वसई परिसरात सुई पुन्हा भरकटली. हा जवळच्या खडकांचा परिणाम असल्याचे त्यांनी अनुमान काढले. आपल्याकडील काळ्या पाषाणात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात. समुद्रापासून दूर असलेल्या मानवतच्या काळ्या मातीखालीही दख्खनचा तोच पाषाण आहे.

होकायंत्राची सुई उत्तरेपासून किती कलते यावरून रेखांश कळतो, असे त्या काळी अनेक जाणकार मानत. कास्त्रो यांनी सूर्याच्या सावलीच्या साहाय्याने ठिकठिकाणी हा कल मोजला. त्यांच्या ४३ मोजमापांनी तो नियम खोटा ठरवला. १५४१ साली तांबड्या समुद्रात गेल्यावर त्यांनी तेथील पाणी काढून पाहिले आणि पाणबुडे उतरवले. पाणी इतर समुद्रांसारखेच होते. तांबूस रंग तळच्या प्रवाळाचा होता.

१५४५ साली ते गव्हर्नर होऊन गोव्यास परतले. पुढील वर्षी दीवच्या वेढ्यात त्यांचा पुत्र फेर्नांदो मारला गेला. कास्त्रो यांनी वेढा उठवला. मात्र त्यानंतर त्यांच्या आरमाराने गुजरातच्या किनाऱ्यावरील गावे जाळली. मोजमापात इतका न्यायी असलेला हा माणूस युद्धात त्याच किनाऱ्यावरील रहिवाशांशी निष्ठुर वागला, हे आम्हांला झाकून ठेवता येणार नाही. दीवचा किल्ला पुन्हा बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवून गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले. नागरिकांनी त्या शब्दावर रक्कम दिली.

व्हाइसरॉयपद मिळाल्यानंतर थोड्याच काळात, ६ जून १५४८ रोजी, गोव्यात त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेला संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्याजवळ होते. त्यांच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या. गोवा ते दीव प्रवासाची त्यांची नोंदवही मात्र छापली जाण्यास १८४३ साल उजाडावे लागले. आपल्या किनाऱ्याचे सोळाव्या शतकातील रूप अभ्यासकांना त्या वहीत आजही पाहता येते.