‘हकीकत’चे चेतन आनंद

युद्धपट काढायचा तर तो विजयाचा, असा चित्रपटाच्या धंद्याचा सरळ हिशेब असतो. पराभव पाहण्यासाठी तिकीट काढून कोण येणार? १९६२ साली हिमालयात भारताची जी मानहानी झाली, तिला पुरती दोन वर्षेही लोटली नसताना तोच पराभव पडद्यावर आणण्याचे धाडस एका दिग्दर्शकाने केले आणि सर्वसामान्य प्रेक्षकानेही त्याला पाठ दाखविली नाही. १९६४ चा ‘हकीकत’ हा हिंदीतील युद्धपटांच्या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्याची गाणी आजही प्रजासत्ताकदिनी चौकाचौकांत वाजतात. तथापि तो काढणारे चेतन आनंद पुष्कळांना केवळ देव आनंद यांचे थोरले बंधू म्हणूनच ठाऊक असतात. ही ओळख अपुरी आहे.

पंजाबातील गुरुदासपूरचे वकील पिशोरीलाल आनंद यांचे हे चिरंजीव. बालपणी गुरुकुल कांगडीत संस्कृत आणि धर्मग्रंथांचे संस्कार, पुढे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचे वेड, मग त्या काळातील सुशिक्षित घराण्याच्या रीतीप्रमाणे आयसीएसच्या परीक्षेसाठी विलायतवारी, अशी त्यांची घडण झाली. परीक्षेत यश आले नाही. आले असते तर एखाद्या जिल्ह्याला बऱ्यापैकी कलेक्टर मिळाला असता, आणि हिंदी चित्रपट एका विचारी माणसाला मुकला असता. परतल्यावर डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये त्यांनी इतिहास शिकविला. सम्राट अशोकावर लिहिलेली एक पटकथा घेऊन ते मुंबईत आले ते याच काळात. ती पटकथा पडद्यावर आली नाही. मात्र फणी मजुमदार यांनी ‘राजकुमार’मध्ये त्यांना नायकाची भूमिका दिली. इतिहासाचा मास्तर नट झाला, आणि नट म्हणून फारसा रमलाही नाही.

मुंबईत त्यांना आपले वर्तुळ सापडले ते इप्टामध्ये, म्हणजे भारतीय जननाट्य संघात. बलराज साहनी हे त्यांचे लाहोरपासूनचे स्नेही. त्यांना मुंबईस खेचून आणण्यात चेतन यांचाच मोठा वाटा. ख्वाजा अहमद अब्बास, कैफी आझमी, जोहरा सहगल अशी ही मंडळी. याच वातावरणातून १९४६ साली ‘नीचा नगर’ निर्माण झाला. टेकडीवर राहणारा धनिक आपल्या योजनेसाठी गटाराचा प्रवाह खालच्या वस्तीकडे वळवितो, रोगराई पसरते आणि वस्ती एकजुटीने उभी राहते, एवढेच त्याचे कथानक. गॉर्कीच्या नाटकाची प्रेरणा त्यामागे होती. रविशंकर यांनी चित्रपटाला दिलेले हे पहिले संगीत, आणि कामिनी कौशल यांचे हे पदार्पण. कान येथील पहिल्याच महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांना विभागून देण्यात आले. त्यांत ‘नीचा नगर’ होता. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ अजून नऊ वर्षे दूर होता. मायदेशी मात्र या चित्रपटाला वितरक मिळणे मुष्कील झाले.

त्याच १९४६ साली अब्बास यांच्या लेखणीतून उतरलेला आणखी एक चित्रपट पडद्यावर आला: व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ मध्ये चीनच्या भूमीतच निवर्तले होते. चीन हा त्या पिढीतील डाव्या विचारांच्या लेखक-कलावंतांच्या मनातील श्रद्धेचा प्रदेश होता. साम्राज्यशाहीने नाडलेला, आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. चेतन आनंद याच मंडळींतले. ‘हकीकत’ कोणी काढला याचे महत्त्व कळायचे, तर ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

मधल्या वर्षांची कथा थोडक्यात आटोपण्याजोगी आहे. १९४९ साली देव आनंद यांच्यासह त्यांनी ‘नवकेतन’ची स्थापना केली. गोगोलच्या नाटकावरून ‘अफसर’ झाला, तो चालला नाही. १९५४ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ने भरघोस यश दिले. हा चित्रपट स्टुडिओच्या भिंती ओलांडून मुंबईच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रित झाला होता, ही गोष्ट पुढच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी. नंतर भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९६० साली त्यांनी ‘हिमालय फिल्म्स’ ही स्वतःची संस्था काढली. हिमालयाचा संदर्भ दोनच वर्षांत किती वेगळा होणार आहे, याची त्यांना तेव्हा काय कल्पना असणार!

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमेवर एकाच वेळी चढाई केली. महिन्याभरात सारे संपले. उन्हाळी कपड्यांनिशी बर्फात पाठविलेले जवान, जुनाट रायफली, तुटपुंजा दारूगोळा यांच्या हकिगती हळूहळू बाहेर येऊ लागल्या. जवळजवळ चार हजार सैनिक युद्धकैदी झाले. लडाखमध्ये चुशूलजवळच्या रेझांग ला येथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँची एक तुकडी अक्षरशः शेवटच्या गोळीपर्यंत लढली. कृष्ण मेनन पायउतार झाले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत सी. रामचंद्र यांच्या चालीवर लता मंगेशकरांनी प्रदीप यांचे गीत गायिले, तेव्हा पंडित नेहरूंसह अवघा श्रोतृसमुदाय हेलावून गेला. देशाचे दुःख मोठे होते. त्या दुःखाला अश्रूंची वाट मिळाली होती. विचाराची वाट अद्याप मिळायची होती.

चेतन आनंद यांच्या हाती त्या वेळी काय होते? आधीचे चित्रपट पडलेले, पदरी पैसा नाही. त्यांनी पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांची गाठ घेतली. या युद्धात कामी आलेल्या जवानांच्या घरांची झळ पंजाबला चांगलीच जाणवली होती. कैराँ यांनी अर्थसाह्याचे आश्वासन दिले आणि ते पाळले. एका राज्य सरकारच्या पैशातून देशाच्या पराभवावर चित्रपट निघावा, ही घटना तशी दुर्मीळच म्हटली पाहिजे. लष्कराचेही साह्य मिळाले. छायालेखक सदानंद दासगुप्ता यांच्यासह सारा संच लडाखला गेला. श्वास कोंडणारी ती उंची, झाडझाडोरा नसलेले डोंगर, माणसाला क्षुद्र करून सोडणारे आकाश हे सारे कृष्णधवल चित्रणात असे उतरले आहे की, रंगांची उणीव कोणाला भासू नये. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ने रस्त्यावर आणलेला कॅमेरा येथे हिमालयाच्या खांद्यावर चढला होता.

चित्रपटाचे बळ त्याच्या कथासूत्रात आहे. एक छोटी तुकडी मुख्य सैन्यापासून तुटलेली आहे. शत्रू संख्येने अफाट. आपण प्रथम गोळी झाडायची नाही, असा वरचा हुकूम. ठाणे सोडून माघार घेत परतायचे आणि परतता परतता एकेकाने पडायचे, एवढेच या तुकडीच्या नशिबी आहे. बलराज साहनींचा मेजर, धर्मेंद्रचा तरुण कॅप्टन, जयंत यांचा करारी ब्रिगेडियर, ज्याचा मुलगाच आघाडीवर अडकला आहे, या व्यक्तिरेखा लक्षात राहतात. धाकटे बंधू विजय आनंद यांनीही एक भूमिका केली. तथापि सर्वांत खोल ठसा उमटतो तो रात्रीच्या मुक्कामात घरची आठवण काढणाऱ्या साध्या जवानांचा. कैफी आझमींचे शब्द, मदनमोहन यांचे संगीत आणि रफी, तलत, मन्ना डे व नवखा भूपेंद्र असे चार आवाज यांतून उभे राहिलेले ते गाणे वीररसाचे मुळीच नाही. पाठीमागे राहिलेल्या कोणा स्त्रीला आपल्याला विसरणे भाग पडले असेल, या शंकेचे ते गाणे आहे. युद्धपटात जवानाला एवढे व्याकूळ होऊ देणे त्या काळी सोपे नव्हते, आणि आज तर ते अधिकच अवघड झाले आहे.

कैफी आझमी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. ज्या वर्षी ‘हकीकत’ पडद्यावर आला, त्याच वर्षी तो पक्ष दुभंगला आणि त्या फुटीच्या कारणांत चीनविषयीची भूमिका हे एक ठळक कारण होते. दिग्दर्शक, गीतकार आणि प्रमुख नट हे तिघेही त्या जुन्या स्वप्नाचे भागीदार असल्याने या चित्रपटातील वेदनेला एक वेगळी धार आहे. परक्याने दगा दिला तर संताप येतो. ज्याला आपले मानले त्याने दिला की माणूस आधी सुन्न होतो. ‘हकीकत’मध्ये हे सुन्नपण जागोजागी जाणवते.

मात्र चित्रपटाच्या नावाने जे अभिवचन दिले, ते त्याने पुरतेपणी पाळले असे म्हणता येत नाही. चिनी सैनिक येथे निव्वळ कपटी आणि क्रूर आहेत. त्यांना माणसाचा चेहरा नाही. लडाखी युवतीची प्रेमकथा, प्रिया राजवंश यांच्या पदार्पणाचे सारे कौतुक जमेस धरूनही, बेतलेली वाटते. सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. जवानांपाशी साधने नव्हती हे चित्रपट दाखवितो, परंतु ती का नव्हती हा प्रश्न तो विचारीत नाही. दिल्लीतील निर्णय, सेनापतींच्या नेमणुका, सीमेवर ठाणी पुढे सरकविण्याचे धोरण यांच्याकडे कॅमेरा वळत नाही. चित्रपट नेहरूंना अर्पण केलेला आहे. २७ मे १९६४ रोजी ते निवर्तले होते, आणि त्या शोकाच्या दिवसांत असे प्रश्न विचारणे शक्यही नसावे. शिवाय सरकारच्या पैशाने आणि लष्कराच्या साह्याने काढलेल्या चित्रपटाला मर्यादा या असणारच. पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ साली सादर झाला, आणि सरकारने तो पुढील अनेक दशके कुलपात ठेवला. इतिहासाच्या अभ्यासकांना जे दाखविले गेले नाही, ते एका चित्रपटाने दाखवावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. तरीही पेशाने एकेकाळी इतिहास शिकविलेल्या माणसाकडून ती अपेक्षा मनात आल्यावाचून राहत नाही.

‘हकीकत’ला राष्ट्रीय पुरस्कारांत द्वितीय क्रमांकाचा मान मिळाला. पुढे ‘आखरी खत’मधून त्यांनी राजेश खन्ना हा नट चित्रसृष्टीला दिला. १९७० च्या ‘हीर रांझा’चे सगळे संवाद कैफींकडून पद्यात लिहवून घेण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि तडीस नेला. १९७३ साली ते पुन्हा युद्धाकडे वळले. या वेळी विषय १९७१ च्या विजयाचा आणि हवाई दलाच्या पराक्रमाचा होता. ‘हिंदुस्तान की कसम’ला विमाने होती, यश होते, आत्मविश्वास होता; ‘हकीकत’ची सर मात्र त्याला आली नाही. १९८१ चा ‘कुदरत’ पुनर्जन्माच्या कथेवर बेतलेला होता. १९८८ साली दूरदर्शनसाठी परमवीरचक्राच्या मानकऱ्यांवर त्यांनी मालिका काढली आणि चोवीस वर्षांनी ते पुन्हा जवानांच्या सान्निध्यात आले.

६ जुलै १९९७ रोजी मुंबईत चेतन आनंद यांचे निधन झाले. जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ प्रदर्शित होऊन त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवालाची ती विजयकथा पाहण्यासाठी देशभर चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या होत्या.