गुरू घासीदास : संयमाची वाट

गिरौदपुरी हे जंगलाच्या कडेला वसलेले गाव पूर्वी रायपूर जिल्ह्यात होते; आता ते बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात आहे. या गावी 18 डिसेंबर 1756 रोजी घासीदासांचा जन्म झाला, असे मानले जाते. वडिलांचे नाव महंगूदास आणि आईचे अमरौतिन. घराणे कष्टकऱ्यांचे आणि तत्कालीन समाजाने अस्पृश्य ठरविलेले होते.

त्या काळी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. शेतमजुराच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतावरचे कष्ट आणि पावलोपावली अपमान येई. दिवसभराचा शीण आणि मनातील सल विसरण्यासाठी अनेक जण दारू व तंबाखूचा आधार घेत. दुःखाचा क्षणभर विसर पडे. मात्र दुःखाचे कारण तसेच राही. उलट कर्ज आणि घरातील कलह यांची त्यात भर पडे.

परंपरा असे सांगते की, घासीदास जगन्नाथपुरीच्या यात्रेस निघाले. परंतु सारंगढहूनच माघारी फिरले. पुढे सोनाखानच्या जंगलात त्यांनी दीर्घकाळ एकांतात चिंतन केले. तेथून ते परतले, तेव्हा त्यांचा संदेश साधा आणि स्पष्ट होता. सतनाम हेच एक सत्य आहे. सर्व माणसे समान आहेत. मांस, दारू व तंबाखू वर्ज्य करावीत.

केवळ उपदेशाने व्यसन सुटत नाही. घासीदास गावोगावी फिरत आणि लोकांमध्ये राहत. त्यांच्या पंथात नियम एकट्यादुकट्याचा न राहता साऱ्या वस्तीचा झाला. जैतखाम, म्हणजे पांढरा ध्वज लावलेला खांब, ही त्या एकजुटीची खूण ठरली. पुढे त्याच्याभोवती पंथी गीते व नृत्य रंगू लागले. ज्याला समाजाने दूर ठेवले होते, त्याला येथे मान मिळाला. मान मिळाला की मनाला आवरण्याचे बळही वाढते.

तरीही ही वाट सोपी नव्हती. तंबाखू सोडणे अनेकांना जड गेले. पुढे अनुयायांतील एका गटाने पानाच्या चोंगीतून धूम्रपान करण्यास मुभा दिली. या गटाला चुंगिया असे नाव पडले. मात्र इतरांनी मूळ नियम सोडला नाही. एका सवयीवरून पंथात भेद पडावा, यावरून व्यसनाची पकड किती घट्ट असते हे ध्यानात येते.

1850 च्या सुमारास घासीदासांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बालकदास यांनी हे कार्य पुढे चालविले. आज वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेला आजार मानते आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत. संयम म्हणजे केवळ एकट्याने दात-ओठ खाऊन धरलेला निग्रह नव्हे. तोल गेल्यावर हात देणारी माणसे सोबत असली, तर पडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो. घासीदासांच्या जीवनकार्यातून आपल्याला हाच बोध होतो.