विश्लेषण : रॉबिन हूडच्या संगीताने संगीतकाराचाच जीव कसा वाचवला?

नायक पडद्यावर आला की त्याची ठरलेली धून वाजते. तलवारबाजी सुरू झाली की अख्खा वाद्यवृंद धावू लागतो. सिनेमाची ही भाषा आज प्रेक्षकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी घडवली असेल, हेच लक्षात येत नाही. ती घडवणाऱ्या मोजक्या संगीतकारांपैकी एक होते एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड. युरोपात ऑपेराचे मोठे नाव असलेले कॉर्नगोल्ड हॉलीवूडमध्ये गेले. सिनेमाच्या कामामुळे त्यांचे प्राण वाचले, पण त्याच कामामुळे मैफलींच्या जगातील पत गेली. हे कसे घडले?

कोण होते कॉर्नगोल्ड?

त्यांचा जन्म २९ मे १८९७ रोजी ब्रनो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील ज्युलियस हे व्हिएन्नातील एका प्रतिष्ठित दैनिकाचे संगीत समीक्षक होते. एरिक नऊ वर्षांचा असताना ख्यातनाम संगीतकार गुस्ताव्ह माहलर यांनी त्याची रचना ऐकली आणि मुलगा असामान्य असल्याचा निर्वाळा दिला. अकराव्या वर्षी त्याने लिहिलेला ‘द स्नोमॅन’ हा बॅले १९१० मध्ये व्हिएन्नाच्या शाही ऑपेरात सादर झाला. ४ डिसेंबर १९२० रोजी त्यांच्या ‘द डेड सिटी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग हॅम्बुर्ग आणि कोलोन या दोन शहरांत एकाच दिवशी झाला. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते.

हॉलीवूडचा रस्ता कुणी दाखवला?

नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांनी. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वरील चित्रपटासाठी त्यांनी १९३४ मध्ये कॉर्नगोल्ड यांना अमेरिकेत बोलावून घेतले. मेंडेल्सोन यांचे जुने संगीत चित्रपटाला साजेसे करून देण्याचे ते काम होते. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यानंतर ज्यू कलावंतांना तेथील दरवाजे बंद झाले होते, त्यामुळे या बोलावण्याला वेगळेच महत्त्व होते.

वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने मग त्यांच्याकडे ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) सोपवला. हाताशी जेमतेम तीन आठवडे होते. वेळ पुरेना, तेव्हा एका प्रसंगासाठी त्यांनी लिस्ट यांच्या जुन्या रचनेचा आधार घेतला आणि श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून नव्हे, तर संगीत संयोजक म्हणून नाव द्यायला लावले. पाठोपाठ ‘अँथनी अ‍ॅडव्हर्स’च्या (१९३६) संगीताला ऑस्कर मिळाले. मात्र त्या वेळच्या नियमांनुसार ते गेले स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टीन यांच्या नावावर.

त्यांच्या कामाची पद्धत काय होती?

बोलपट येऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. चित्रफितीवर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. संगीत नेमक्या चौकटीवर बसावे म्हणून फितीला भोके पाडून ठोके तयार करण्याचे आणि ते वादकांना ऐकवण्याचे तंत्र स्टुडिओत रुळत होते. कॉर्नगोल्ड यांनी अशा साधनांवर फारशी भिस्त ठेवली नाही. ते प्रक्षेपण कक्षात पियानो घेऊन बसत, प्रसंग पुन्हा पुन्हा चालवायला लावत आणि पाहता पाहता वाजवत. ध्वनिमुद्रणातही समोरच्या पडद्याकडे पाहत वाद्यवृंदाचे संचालन करत.

चित्रपटाची संहिता त्यांच्या लेखी ऑपेराचीच संहिता होती. प्रत्येक मुख्य पात्राला ते स्वतःची धून देत आणि कथा वळली की ती धूनही बदलत. संवाद झाकले जाऊ नयेत म्हणून अभिनेत्याच्या आवाजाच्या पट्टीच्या किंचित खाली संगीत ठेवत.

१९३८ मध्ये नेमके काय घडले?

जानेवारीत ते व्हिएन्नात असताना ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’साठी स्टुडिओची तार आली. पत्नी लुझी आणि धाकट्या मुलासह ते अमेरिकेला निघाले. आईवडील आणि थोरला मुलगा व्हिएन्नातच राहिले. तिकडे पोहोचून चित्रपट पाहिला आणि कॉर्नगोल्ड यांनी चक्क नकार दिला. एवढ्या मारधाडीच्या चित्रपटाला आपण न्याय देऊ शकणार नाही, असे त्यांना वाटत होते. पण त्याच सुमारास ऑस्ट्रियावरील हिटलरचा दबाव वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. फोर्बस्टीन यांनी घरी येऊन गळ घातली, तेव्हा आठवड्याच्या बोलीवर त्यांनी काम स्वीकारले.

मार्चमध्ये नाझी फौजा ऑस्ट्रियात घुसल्या. व्हिएन्नातील घर जप्त झाले. आईवडील आणि मुलगा कसेबसे देशाबाहेर पडून अमेरिकेत पोहोचले. रॉबिन हूडच्या संगीताला ऑस्कर मिळाले आणि या वेळी ते थेट संगीतकाराच्या हाती आले. पण त्या चित्रपटाने आपल्याला जीवदान दिले, हीच त्यांच्यासाठी मोठी गोष्ट होती आणि ती ते उघडपणे मान्य करत.

मग गमावले काय?

हिटलर सत्तेवर आहे तोवर मैफलीसाठी संगीत लिहायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला होता. युद्ध संपताच १९४५ मध्ये त्यांनी व्हायोलिन कन्चेर्तो पूर्ण केला. त्यात ‘अनदर डॉन’, ‘हुआरेझ’, ‘अँथनी अ‍ॅडव्हर्स’ आणि ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ या स्वतःच्याच चित्रपटांतील धून त्यांनी गुंफल्या. फेब्रुवारी १९४७ मध्ये सेंट लुइस येथे यशा हायफेट्झ यांनी तो वाजवला. श्रोत्यांनी डोक्यावर घेतले, मात्र न्यूयॉर्कच्या समीक्षकांना त्यात हॉलीवूडच ऐकू आले.

१९४९ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. पण ज्या शहराने एकेकाळी त्यांचे कौतुक केले, त्याची अभिरुची बदलली होती. मधुर सुरावटींचे त्यांचे संगीत आता जुनाट ठरत होते. १९५४ मध्ये त्यांच्या सिंफनीचे पहिले सादरीकरण पुरेशा तालमीअभावी फसले. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुन्हा आठवण कशी झाली?

१९७२ मध्ये त्यांच्या चित्रपटसंगीताची ‘द सी हॉक’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिचा निर्माता होता त्यांचा धाकटा मुलगा जॉर्ज, म्हणजे १९३८ मध्ये त्यांच्यासोबत बोटीत बसलेला तोच मुलगा. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द डेड सिटी’ पुन्हा रंगमंचावर आला. दोन वर्षांनी ‘स्टार वॉर्स’साठी जॉन विल्यम्स यांनी भरगच्च वाद्यवृंदाचे संगीत पडद्यावर परत आणले. कॉर्नगोल्ड यांच्या ‘किंग्ज रो’ (१९४२) या चित्रपटाच्या सुरुवातीच्या संगीताशी ‘स्टार वॉर्स’च्या मुख्य धूनचे असलेले साम्य अभ्यासक आवर्जून दाखवतात.

सिनेमाच्या धुनांमुळे ज्याच्याकडे नाके मुरडली गेली, तो व्हायोलिन कन्चेर्तो आज जगभरचे आघाडीचे व्हायोलिनवादक नियमितपणे वाजवतात.