नाना शंकरशेट

ठाणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून वसले आहेत. मुरबाडच्या बाजूने नाणेघाटाची प्राचीन वाट जुन्नरकडे चढते, तर शहापूरच्या बाजूने थळघाटाची वाट नाशिककडे जाते. शेकडो वर्षे या वाटांनी बैलांचे तांडे देशावरचा माल पाठीवर लादून कल्याणच्या बंदराकडे उतरत असत. अशा या प्रदेशात, मुरबाड गावी, १० फेब्रुवारी १८०३ रोजी जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. लोक त्यांना आदराने नाना म्हणत. बैलांच्या तांड्यांची जागा घेणारा लोखंडी मार्ग आपल्या देशात आणण्यासाठी ज्यांनी प्रथम कंबर कसली, त्यांत नाना अग्रभागी होते.

नानांचे घराणे मुरकुटे यांचे. त्यांचे पूर्वज घोडबंदरहून मुंबईस येऊन स्थायिक झाले होते, व वडील शंकरशेट यांनी तेथे मोठी संपत्ती मिळवली होती. नानांचे शिक्षण घरीच, शिक्षक ठेवून झाले. परंतु १८२२ मध्ये वडील वारले आणि सारा कारभार अवघ्या एकोणीस वर्षांच्या नानांवर येऊन पडला.

सावकारी घराण्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत होय. जुना मालक गेला आणि त्याच्या गादीवर कोवळा तरुण बसला की लोकांची मने साशंक होतात. एखादा व्यवहार चुकला, एखाद्यास वेळेवर पैसा मिळाला नाही, तर वडिलांनी मिळवलेले नाव धुळीस मिळण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी वाडवडिलांच्या संपत्तीवर स्वस्थ बसून राहणे हाच मार्ग अनेकांस सुरक्षित वाटला असता. नानांनी मात्र व्यापारात पाऊल टाकले, आणि चोख व्यवहार व दिलेला शब्द पाळण्याची सवय यांच्या बळावर ते स्थिरावले. पुढे त्यांची पत इतकी वाढली की अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपला पैसा बँकांपेक्षा नानांकडे ठेवणे अधिक पसंत करीत.

मिळवलेली संपत्ती त्यांनी लोककार्यास लावली. मुंबईत नव्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या संस्थांचे ते आधारस्तंभ होते. मुलींना शिकवणे हे त्या काळी अनेकांना पाप वाटे; तरीही १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात शाळेस जागा दिली. लोकनिंदा सोसण्याचे हे धैर्य त्यांना पुढील मोठ्या कामातही उपयोगी पडले.

ते काम म्हणजे रेल्वे. वऱ्हाडातला कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून मुंबईस येई. वाटेत धुळीने तो मळे, पावसाने भिजे, आणि येईपर्यंत त्याचा खर्चही फार होई. १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरने मुंबईहून घाटापलीकडे रेल्वे नेण्याची कल्पना मांडली. ती नानांना पटली. १८४५ मध्ये नाना व सर जमशेटजी जिजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी एक मंडळ स्थापन केले.

परंतु मोठमोठ्या जाणत्यांनाही या उद्योगाची धास्ती वाटत होती. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी आपल्या शंका लिहून कळवल्या. मुसळधार पावसाने व महापुरांनी मार्ग वाहून जाईल. वादळी वारे व कडक ऊन त्याची नासाडी करतील. किडेमुंग्या लाकूड पोखरतील. झपाट्याने वाढणारे रान मार्ग झाकून टाकील. जाणते इंजिनिअरही मिळणार नाहीत, असे त्यांना वाटे. भरीस भर म्हणून इंग्लंडातच रेल्वेच्या शेअरांचा मोठा सट्टा होऊन भाव कोसळले. ज्यांच्याकडून भांडवल यावयाचे, तेच हात आखडून बसले. मंडळ स्थापन होऊन चार वर्षे लोटली, तरी रुळाचा एक तुकडाही पडला नव्हता.

या शंका वेडगळ नव्हत्या. पाऊस, पूर आणि वाळवी खरीच होती. भिण्यासारखे काही नाही, असे म्हणून भागणार नव्हते. प्रत्येक शंकेला उत्तर शोधणे हाच एक उपाय होता. प्रथम मुंबई ते ठाणे एवढाच एकवीस मैलांचा टप्पा हाती घ्यावा, तो यशस्वी झाला की पुढे जावे, असे ठरले. एकाच्या शिरावर सारा बोजा पडू नये म्हणून भागीदारांची कंपनी उभी राहिली. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या नावाने तिला पार्लमेंटची मान्यता मिळाली. तिच्या संचालकांत नाना व जमशेटजी हे हिंदी गृहस्थ होते. भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिल्यामुळे पैसा उभा राहिला. मात्र या हमीचा भार शेवटी हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडत असे, आणि पुढे देशी विचारवंतांनी या पद्धतीवर कडक टीका केली, हेही येथे सांगितले पाहिजे.

१८५० च्या अखेरीस शीव येथे कामास आरंभ झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, तोफांच्या सलामीत, चौदा डब्यांची पहिली गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून ठाण्यास निघाली. निमंत्रितांत नानाही होते. सामान्य लोक गाडीत बसतील की नाही, अशी अनेकांना शंका होती. पण थोड्याच काळात तिसऱ्या वर्गाचे डबे गर्दीने भरू लागले.

मार्ग पुढे सरकत राहिला. १८५४ मध्ये गाडी कल्याणला, १८५५ मध्ये शहापूर तालुक्यातील वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली. समोर थळघाट उभा होता. तेथे काही ठिकाणी दर सदतीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र चढ ठेवावा लागला. बोगदे खोदून व दऱ्यांवर पूल बांधून १ जानेवारी १८६५ रोजी गाडी घाट चढून इगतपुरीस गेली. थळ व बोर या दोन घाटांच्या कामात हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी मृत्यू पावले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. परंतु हा मार्ग त्यांच्याही श्रमांचे स्मारक आहे.

दरम्यान नानांवर एक निराळेच संकट आले होते. १८५७ च्या उठावात त्यांचा बंडवाल्यांशी संबंध असल्याचा संशय घेतला गेला. आयुष्यभर जपलेले नाव पणाला लागले. चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले.

त्याच महिन्यात मुंबईने एक भयंकर दृश्य पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव अतोनात चढले होते, आणि त्या पैशाच्या धुंदीत कित्येक कंपन्या केवळ कागदावर निघाल्या होत्या. युद्ध संपताच १ जुलै १८६५ ला सारा डोलारा कोसळला आणि मोठमोठे धनिक धुळीस मिळाले. त्या सट्टेबाजांना अपयशाची भीती मुळी वाटलीच नव्हती, आणि हाच त्यांचा घात ठरला. रेल्वे उभारणाऱ्यांना भीती होती. परंतु त्यांनी तिच्याकडून पावसाचा, पुराचा आणि खर्चाचा हिशेब शिकून घेतला, आणि मग एकेक टप्पा पुरा केला.

मुंबईतील नाना चौक आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण शहापूरच्या डोंगरातून रोज घाट चढणाऱ्या गाड्या हे त्यांचे त्याहून जिवंत स्मारक आहे. ज्या पावसाने मार्ग वाहून जाईल असे जाणत्यांना वाटले होते, त्याच पावसात त्या आजही धावत आहेत.