विल्सन कुटुंबाचे मुंबईतील बस्तान

गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजामुळे डॉ. जॉन विल्सन यांचे नाव खेड्यांतील मंडळ्यांसही परिचयाचे आहे. परंतु ते एकट्या पुरुषाचे काम होय, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. स्कॉटलंडाहून येथे आले ते एक कुटुंब होते. आणि या भूमीत मुळे धरण्याची किंमत त्यातील स्त्रियांनीही भरली.

विल्सन यांचा जन्म इ. स. १८०४ मध्ये लॉडर गावी झाला. ऑगस्ट १८२८ मध्ये मार्गारेट बेन यांजशी त्यांचा विवाह झाला आणि लवकरच ती दोघे गलबतावर चढली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. सारी आफ्रिका वळसा घालून यावे लागे. फेब्रुवारी १८२९ मध्ये ती मुंबईस उतरली.

उतरल्यावर त्यांनी कोटात साहेबलोकांचा शेजार धरला नाही. ती कोकणात बाणकोट व हर्णै येथे गेली. कारण प्रथम मराठी आली पाहिजे, हे दोघांनी ठरविले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मराठी बोलू लागूनच ती मुंबईस परतली. आमच्या मते त्यांची खरी वस्ती या महिन्यांत झाली. घर मागाहून मिळाले.

मार्गारेटबाईंनी लगेच मुलींच्या शाळा उघडल्या. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली असा आरंभ केला होता खरा. तरी मुलीस अक्षरओळख करून देणे आईबापांस लज्जास्पदच वाटे. पुण्यास जोतीराव फुले यांची शाळा निघाली ती १८४८ साली, यावरून काळाची कल्पना यावी. पति प्रवासास गेले म्हणजे मिशनचा बराच भार बाईंवर पडे. घरी १८३१ साली जन्मलेला अँड्र्यू होता. अशा स्थितीत १९ एप्रिल १८३५ रोजी त्या मुंबईतच निवर्तल्या.

आता शाळा मोडतील, असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु १८३७ साली त्यांच्या दोन बहिणी, ॲना व हे बेन, तोच दूरचा सागर ओलांडून आल्या व बहिणीच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या. गावदेवीतील सेंट कोलंबा शाळा त्या कामाचीच पुढची वाढ होय.

१८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शहर खवळले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि विल्सन यांची शाळा ओस पडली. विल्सन डगमगले नाहीत. विद्यार्थी हळूहळू परतले. १८४३ साली स्कॉटलंडातील मंडळी दुभंगली व ते फ्री चर्चच्या बाजूस गेले, तेव्हाही पुन्हा उभारणी करावी लागली. १८४६ मध्ये त्यांनी इझाबेला डेनिस्टन यांजशी विवाह केला. त्याही पुढे वीस वर्षे त्यांच्या सोबतीस होत्या आणि १८६७ साली वारल्या.

विल्सन यांस मुंबईत चाळीस वर्षे झाली, तेव्हा नागरिकांनी त्यांस २१,००० रुपयांची थैली अर्पण केली. तिचे व्याज मात्र त्यांनी हयातीपुरते घेतले. मूळ रक्कम मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्राच्या व्याख्यानांसाठी ठेविली. पुढे १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ती व्याख्याने दिली.

ती ऐकावयास विल्सन राहिले नव्हते. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला. हिमालयाच्या प्रवासावरील अँड्र्यूचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले.