एसी १६ वर ठेवला की खोली लवकर थंड होते? वाचा एसीच्या जनकाची गोष्ट

बाहेरून घामाघूम होऊन आले की अनेक जण एसीचा आकडा थेट १६ वर नेतात. खोली लवकर गार होईल, हा हिशेब. तो का चुकतो, हे विलिस कॅरिअर यांच्या आयुष्यातील एका प्रसंगातून समजते.

कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला या गावी झाला. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनीअर होऊन ते बफेलो फोर्ज कंपनीत लागले. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याची अडचण त्यांच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातील बाष्प काढायचे, असा आराखडा त्यांनी केला. म्हणजे एसी जन्मला तो कागदासाठी, माणसासाठी नाही! त्या यंत्रणेची ताकद दिवसाला सुमारे ४९ हजार किलो बर्फाएवढी होती. आपण ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो, तो टनही बर्फाचाच. २४ तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी.

१९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये त्यांचा मोठा एसी बसला. उद्घाटनाच्या दिवशी तो उशिरा सुरू झाला, तोवर हॉल खचाखच भरलेला. प्रेक्षक हातपंख्यांनी वारा घेत बसले. माणसांची उष्णता आणि यंत्राची ताकद यांची ती शर्यत होती. हळूहळू गारवा पसरला आणि पंखे खाली गेले.

घरातही हेच घडते. थर्मोस्टॅट फक्त कुठे थांबायचे ते सांगतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वर असो वा २४ वर, एकाच ताकदीने चालतो. त्यामुळे ३४ अंशांवरून २४ वर यायला वेळ सारखाच लागतो. इन्व्हर्टर एसी मात्र ठरवलेले तापमान जवळ आले की वेग कमी करतो, म्हणून २४ वर ठेवल्यास शेवटचा एखादा अंश उतरायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. एवढाच फरक. १६ वर कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही आणि बिल फुगते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने आकडा एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. गारवा लवकर हवा असेल तर दारे-खिडक्या बंद करा, पडदे ओढा, फिल्टर धुवा आणि सुरुवातीला पंख्याचा वेग वाढवा.

कॅरिअर यांचे ७ ऑक्टोबर १९५० रोजी निधन झाले. अमेरिकेतील घराघरांत एसी सर्रास बसू लागले ते त्यानंतर.